सात हजार फुटांवर

पहिल्या रात्री नाकातून रक्त आलं.
युफेलिया आर्चुलेता म्हणाली, घाबरू नकोस,
हे गाव आधी पाणी मागतं, मग नाव विचारतं.
उशाशी तिनं तांब्याभर पाणी ठेवलं.
तांब्या कसला, निळा टवके गेलेला मग होता,
पण मी मनातल्या मनात तांब्याच म्हटलं.

सकाळी ती अंगणाची भिंत लिंपत होती.
माती, वाळू, गव्हाचं काड
आणि उघडा तळहात.
थापी लावली तर भिंतीला कळत नाही कोण येऊन गेलं.
दर दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.
मग सिमेंट का नाही? मी विचारलं,
शहरी माणसानं विचारावं तसं.
सिमेंटच्या आत ओल कोंडते, ती म्हणाली,
भिंत बाहेरून उभी, आतून कधीच गेलेली.
माझा भाऊ देल्फिनो तसाच गेला.
आणि तिनं पुन्हा कोपरापर्यंत हात बादलीत घातला.
मी बाह्या वर सारल्या.

बाजारात लोखंडी जाळीचा पिंप गरगरत होता,
आत हिरव्या मिरच्या तडतडत होत्या.
वास ओळखीचा, ठसका परका.
खाणावळीत पोरीनं विचारलं, लाल की हिरवी?
दोन्ही हवं तर म्हणायचं, नाताळ.
सप्टेंबरात मी तीनदा नाताळ जेवले.

चौकात एका स्तंभाचा नुसता चौथरा.
कोणाचा होता, तिघांना विचारलं.
एक म्हणाला पडला, एक म्हणाली पाडला,
तिसऱ्यानं टोपी नीट केली आणि उन्हाबद्दल बोलू लागला.

त्सेवांगच्या दुकानात पिरोजे होते,
इथले हिरवट, तिकडचे निळे,
एकाच ताटलीत, किमती मात्र वेगवेगळ्या.
विमानातून उतरलो, तो सांगत होता,
कोरडी हवा छातीत गेली आणि वाटलं, पोहोचलो.
मग पाहिलं, डोंगर चुकीच्या बाजूला आहे.
एकवीस वर्षं झाली.
अजून सकाळी खिडकीशी जाताना
मान आधी डावीकडे वळते.

त्या डोंगराचं नाव ख्रिस्ताचं रक्त.
संध्याकाळी दहा मिनिटं त्याला ते नाव शोभतं,
एरवी तो राखाडी, झुडपांनी ठिपकलेला,
कुणाचंच काही न लागणारा.
मी रुमाल काढला.
त्यावरचा डाग माझा होता, तपकिरी पडलेला.

आणि पश्चिमेला पाऊस लोंबत होता.
ढगापासून निघालेला, स्पष्ट, करडा, तिरपा,
आणि अर्ध्या वाटेत संपलेला.
खाली माळ कोरडा ठणठणीत.
युफेलियाची आई त्याला खोटी वेणी म्हणायची.
माझ्या भाषेत मी शोधून पाहिलं.
आमचा पाऊस पडतो, नाहीतर पडत नाही.
मधल्यामध्ये विरून जाणाऱ्याला आम्ही काय म्हणतो?

कमानीखाली बर्निस मडकी मांडून बसली होती,
भिंतीला पाठ, गुडघ्यांवर घोंगडी.
तिचे लोक इथे या सगळ्या नावांच्या आधीपासून.
तिला विचारलं.
आमच्याकडे शब्द आहे, ती म्हणाली.
मी थांबले.
तिनं मडक्यावरची धूळ फुंकली.
तो इथे बोलायचा नसतो.
मडक्याची किंमत मात्र लगेच सांगितली, चाळीस.

मला राग यायला हवा होता.
आपल्याकडे पाहुण्याला आपण सगळंच सांगतो,
घरातली भांडणंसुद्धा.
मी चाळीस दिले. तिनं मडकं वर्तमानपत्रात गुंडाळलं,
दोनदा, घट्ट,
आणि म्हणाली, यात पाणी ठेवू नकोस, झिरपेल.

चौथ्या दिवशी निघताना भिंत वाळली होती.
माझा तुकडा कुठला ते दिसत होतं,
पोत खडबडीत, बोटं घाबरलेली.
पुढच्या वेळी येशील तेव्हा नसेल तो, युफेलिया म्हणाली,
समजूत घालावी तशी.
मग ती खोलीत गेली, निळा मग घेऊन आली.
तळाशी घोटभर पाणी उरलं होतं, माझं उष्टं.
मला वाटलं, फेकेल.
तिनं ते बादलीतल्या मातीत ओतलं
आणि कालवायला बसली.