घमेल्यातला हात

एक्स-रे दोनदा काढला.
दोन्ही वेळा तळहात स्वच्छ,
हाडं शाळकरी पोरानं ओळीत मांडल्यासारखी.
भागरथाबाई म्हणाली,
"फोटोत नसन. हातात हाये."

बरोबर होती ती.
एक्स-रे लोखंड ओळखतो, छर्रा ओळखतो,
काच बहुतेक वेळा.
बांबू मात्र मांसात मांसासारखाच
त्याच्या नजरेतून निसटून जातो.

चार महिने अंगठ्याच्या बुडाशी गाठ.
फुगते, बसते, पुन्हा फुगते.
हळद झाली, बिब्बा झाला,
गडचिरोलीची इंजेक्शनं झाली.
कमटी दाबली की कळ कोपरापर्यंत जाते
आणि लग्नं तोंडावर आलीत,
साठ सुपं द्यायची आहेत.

सोनोग्राफीची खोली कुलपात.
भिंतीवर निळ्या अक्षरांत ती पाटी:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
बुधवारी इथं पोटं येतात.
आज शुक्रवार, आणि एक हात आलाय.

सपाट तोंडाचा प्रोब पेटीतच होता,
वरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं.
कुमरे सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, जेल संपली."
"जेल नको. घमेलं आणा."
त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं
आणि बाळंतपणाच्या खोलीतलं आणलं,
नवी पोरं ज्यात न्हातात ते.

कोमट पाणी.
तिनं हात आत ठेवला, मासा सोडावा तसा.
मी प्रोबला हातमोजा चढवून
पाण्यात उतरवला,
कातडीच्या बोटभर वर, न टेकवता.
दुखऱ्या जागेला हात न लावता हात लावायचा
एवढीच युक्ती.

पडद्यावर करडा पाऊस.
मग कातडीची उजळ रेघ,
खाली चरबी, खाली तंतू तंतू असलेली दोरी.
"अंगठा वाकवा."
दोरी सरकली. म्हणजे ती तिची.
शेजारी एक पांढरी काडी,
सरकली नाही.
भोवती काळं पाणी साचलेलं,
आणि काडीमागे खोलवर गेलेली सावली.
आमच्या तालुक्याचं नावही सावली,
सहा महिने रोज शिक्क्यावर वाचतेय,
पण अशी आज पाहिली.

खरं सांगायचं तर
आधी सावलीच दिसली. काडी नंतर.

तिनं मान पुढं काढली.
"हेच होय का?"
"हेच."
"मंग सांगा, पोरगा का पोरगी?"
सिस्टरांनी पाटीकडे पाहिलं, मी सिस्टरांकडे.
हसताना तिचा हात हलला,
घमेल्यात लाटा उठल्या
आणि चित्र मोडलं.
पुन्हा शोधावं लागलं सगळं.

पेननं खूण. सुन्न करायची सुई.
तांदळाएवढा छेद, थोडा पू, मग चिमट्याला
काहीतरी अडखळलं.
अकरा मिलिमीटर.

गॉजवरची ती काडी
तिनं डाव्या हातानं उचलली, खिडकीकडे धरली.
"हा मानवेल नोहोय. कटांग हाये."
"काय फरक?"
ती माझ्याकडे बघत राहिली,
तांदूळ आणि गहू यांत फरक विचारल्यासारखी.

"कटांग मी फोडत नाई. काटे असते त्याले.
तुमच्या आंधीच्या सायबानं आनून देल्ला,
मजबूत पाह्यजे म्हने."
आणि हनुवटीनं दाखवलं:
तपासणीच्या खाटेभोवतीची ताटी.
जिच्याआड मी तिला झोपवलं होतं.
"तिचीच फास हे. बिल आजून निंगालं नाई."

रजिस्टरात मी लिहिलं: परकी वस्तू, बांबू.
'परकी'वर पेन थोडा वेळ थांबलं.
खोडलं नाही. रकान्यात दुसरा शब्द बसत नाही.

"मले द्या ते," ती म्हणाली.
"बाबूले दाखवतो. पावती मागते ना तो."
सिरिंजच्या कागदात तिनं काडी गुंडाळली,
कमरेला खोचली.

बाहेर पुढचा पेशंट खोकत होता.
पट्टीचा हात वर धरून ती निघाली,
दारापाशी थांबली,
आणि ताटीतली एक सुटलेली कमटी
डाव्या हातानं
जागेवर सरकवून गेली.