मचूळ

वर्षातून दोनदाच जाते आमची पुस्तकांची बोट,
सप्टेंबरात आणि मार्चात,
म्हणून एका बेटावरचं भांडण
दुसऱ्या बेटावर पोचायला सहा महिने लागतात.

त्या कादंबरीची प्रत एकच.
मुखपृष्ठावर अवकाशयान, त्याच्या खिडकीत
लोकर विणणारी चेटकीण.
गोष्ट अशी, म्हणतात:
गुरूच्या पलीकडे यानाचं इंधन संपतं,
एकशे नव्वद माणसं काकडत बसतात,
मग तळघरातून एक म्हातारी वर येते
आणि विझलेल्या भट्टीवर फुंकर घालते.
पान तीनशे बारा.

ट्रॉलरवरचा मेकॅनिक एलिफ
पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला,
"इतकी पानं हा मला एकेक व्हॉल्व्ह समजावतो,
दाब किती, तापमान किती, सगळं चोख,
आणि मग फुंकर?
खडकांसमोर माझं इंजिन बंद पडलं
तेव्हा कोण आलं होतं फुंकायला?
एक ना धड!"
मी शिक्का मारला.

गुन्वोर, चाळीस वर्षं सुईण, म्हणाली,
"व्हॉल्व्ह मी बटाट्याच्या सालीसारखे काढून टाकले.
म्हातारी मात्र खरी आहे.
निळ्या पडलेल्या बाळांवर मी फुंकर घातली आहे,
एकदा जमलं. एकदा नाही.
ती न जमलेली का लिहिली नाही त्याने?
भित्रा आहे."
आणि तरी मुदत वाढवून घेतली.

लांगहोल्मच्या शिक्षिकेने समासात गणित केलं होतं:
एका श्वासात इतकी उष्णता, अशक्य.
सात शून्यं, पेन्सिलीने.
शेवटच्या शून्यापाशी कागद फुगलेला, वाटाण्याएवढा.
कॉफी असेल. मी विचारलं नाही.
पेन्सिल खोडणं हे माझं काम,
शून्यं मी राहू दिली.

बारा वर्षांच्या योस्टाइनची तक्रार वेगळीच,
चेटकीण फार उशिरा येते.
मागच्या कोऱ्या पानावर त्याने यानाचा नकाशा काढला,
तळघरात तिची खोली, तिची चूल,
आणि लेखकाच्या लक्षात न आलेला
तिचा संडास.

दुसऱ्या मार्चात पान नव्हतं.
ब्लेडने कापलेलं, नीट, धागा न दुखावता.
मेकॅनिकचा हात की सुइणीचा, सांगता येईना.
पण पानाच्या पाठीला पान असतं,
फुंकरीबरोबर शेवटचा व्हॉल्व्हही गेला.
आता तीनशे दहावर सगळे गारठलेले असतात
आणि तीनशे तेराची पहिली ओळ:
"मग सगळ्यांना कडकडून भूक लागली."

यानंतर वाचणारे आणखीच भांडू लागले.
पाद्र्याच्या विधवेला तीच जागा सगळ्यात आवडली:
"काय झालं ते सांगितलंच नाही, शहाणा लेखक."
एकाने पैसे परत मागितले.
पुस्तक फुकट आहे, मी म्हटलं.
"तरीही," तो म्हणाला.

सामन माशांची शेती करणारा आस्ले
बराच वेळ बोटीच्या कठड्याला टेकून उभा राहिला.
"नदी समुद्राला मिळते ना, तिथलं पाणी मचूळ.
प्यायला नको, मीठ काढायला नको.
पण सामनचं पोर तिथेच थांबतं काही दिवस,
त्याला खारं पाणी सोसायला शिकायचं असतं.
आवडली असं नाही म्हणत मी.
नावं तर सगळी विसरलो.
पुढच्या खेपेला परत आण."

माझ्या तक्त्यात एक रकाना आहे:
खराब प्रत, काढून टाकावी का?
तो मी तीनदा कोरा सोडला.
खरं सांगायचं तर मी तीनशे दहापर्यंतच पोचले होते
जेव्हा वादळ आलं आणि पुस्तक मागणीवर गेलं.
फुंकर मला पाच जणांनी सांगितली,
पाचही वेगळ्या.
एकीत तर म्हातारी नव्हतीच, मुलगी होती.

या सप्टेंबरात एलिफ धक्क्यावर उभा होता,
डिझेलच्या वासाचा, टोपी हातात.
"ते आहे का अजून? तेव्हा मी तिथेच सोडलं होतं.
पुढे ती जगते का, एवढंच बघायचंय."
त्याने बरोबर तिथेच उघडलं,
कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश.
मी त्याचा चेहरा बघत राहिले.
काही कळलं नाही.
तीनशे तेरावर, भुकेच्या बाजूला,
काळा ठसा उमटला.
खोडरबर मी खिशातच ठेवलं.