चित्र काढायचं असल्यास

खटल्याचं नाव: राजा विरुद्ध डॅरिल होडर.
ज्या राजाने कॉर्नर ब्रुक कधी पाहिलं नाही
तो फिर्यादी.
क्लेरन्स पेली तिसऱ्या पानावर आहे,
तिथेही नुसता 'मयत इसम'.

डोरीन पेलीने त्या शब्दांवर बोट ठेवलं, विचारलं,
मग मी कोण?
अकरा वर्षं मी याच खोलीत बसते.
हीटर खडखडतो, कागदगिरणीचा वास येतो,
उत्तर मला तोंडपाठ आहे:
तुम्ही पक्षकार नाही, साक्षीदारही नाही,
पण तुम्हाला बोलायचा हक्क आहे.
ती म्हणाली, बरं.

मग फॉर्म.
आर्थिक परिणामात तिने लिहिलं:
बर्फ उपसायला माणूस, खेपेला चाळीस डॉलर.
शारीरिक परिणामात: डाव्या कुशीवर झोपत नाही,
तिकडे तो असायचा.
भावनिक परिणामासाठी सबंध पान होतं,
ते तिने घरी नेलं.

सोमवारी चार पानं घेऊन आली, पाठपोट,
शाई पलीकडे उमटलेली.
गाळायचं काम माझं.
'डॅरिल, तू मला ओळखतोस'—
आरोपीला उद्देशून बोलायचं नाही.
'दारूचा वास सगळ्यांना आला'—
तो आरोप सिद्ध झालेला नाही.
'त्याला इतका काळ ठेवा की'—
शिक्षा सुचवायची नाही.
'त्याची आई दुकानात मला बघून मागे फिरली'—
आई या खटल्यात नाही, डोरीन.
पेन्सिल चालत राहिली.
चारांचं एक पान झालं, तेही पाऊणच.

तिने ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
म्हणाली, मासा साफ करताना
आम्हीही डोकं आणि काटे आधी काढतो.
रस्सा मात्र त्यांचाच करतो.

शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट असते:
इच्छा असल्यास इथे चित्र काढावं.
लहान मुलं सोडली तर
अकरा वर्षांत कुणी काढलेलं नव्हतं.
तिने माझीच पेन्सिल मागितली.

कोर्टात तिने पाऊण पान वाचलं नाही.
कागद पुढे सरकवला, बसली.
बचावाचे वकील उठले: चित्रात आरोपीची गाडी आहे का?
नव्हती. ते खाली बसले.
न्यायाधीशबाईंनी कागद असा धरला, तसा धरला,
शेवटी हलकेच विचारलं,
मिसेस पेली, वरची बाजू कुठली?

'फावडं उभं आहे तो रस्ता.
तिथवर उपसून झालं होतं.
पुढचा बर्फ तसाच.'

एवढंच नोंदीत आहे.
टायपिस्टने स्वल्पविरामसुद्धा जपलेत.
डॅरिल होडर बुटांकडे बघत होता,
की बघत नव्हता, मला माझ्या जागेवरून दिसलं नाही.
मग वर्षं आणि महिने वाचून दाखवले गेले,
आणि बाहेर साडेचारलाच अंधार.

तिने चित्र परत मागितलं.
मूळ प्रत दफ्तरी राहते, मी म्हटलं, हवी तर झेरॉक्स.
पहिल्या प्रतीत काहीच आलं नाही,
बर्फ आणि कागद सारखेच पांढरे.
दुसरीत वाट आली.
शाई सगळ्यात गडद केली तेव्हा फावडं आलं,
आणि त्याच्या बाजूला काहीतरी खोडलेलं,
माणसाच्या उंचीचं.

पक्षकार नसलेल्यांना प्रतीमागे एक डॉलर पडतो.
तिने तीन नाणी मोजून ठेवली,
वाया गेलेल्या दोन्हींची धरून.
मी नको म्हणणार होते.
तिने पावती मागितली.