दोन इंच खाली

बेसिन हलतं, मी सांगितलं मालकांना.
दुधाच्या दातासारखं हलतं.
कान्हा मढवी म्हणाले, शेंडगे बाई,
ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, त्यातले सात गेले.
जरा हळू हात धुवा.

हळू कसे धुणार?
तुर्भ्याला मिरचीच्या गाळ्यात दिवसभर वजनाच्या पावत्या फाडते,
लवंगी, ब्याडगी, संकेश्वरी.
संध्याकाळी नखांखाली जाळ असतो.
घरी आल्यावर, डोळ्याला बोट लावायच्या आधी,
भांडंभर पाणी लागतं आणि टेकायला काहीतरी.

रविवारी कॉक बंद केला.
नट काढायला पाना लागलाच नाही, बोटांनीच सुटले.
बेसिन मांडीवर घेतलं. केवढं जड!
आणि कशाच्या भरवशावर होतं ते पाहिलं:
भोकात लाकडाची खुंटी,
खुंटीभोवती काडेपेटीच्या काड्या,
मागे दगड झालेलं एम-सील,
आणि पार तळाशी, घड्या घालून घालून डाळीएवढं केलेलं
बसचं तिकीट. वाशी ते... पुढचं पुसलेलं.
माझ्याआधी तीन-चार जण तरी राहून गेले इथे.
प्रत्येकाने अकरा महिने टिकेल एवढंच ठोकलं.

भिंत मात्र खरी आहे.
बोटाच्या पेराने वाजवत गेले.
नऊ इंची, सिडकोची. ठक्.
एका टाईलमागे बद् वाजलं, ती जागा सोडली.
मग वाटलं, उंची तरी जुनीच का?
कोणाच्या मापाची होती ती?
सात महिने पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय माझ्या,
आणि पत्ता लिहिते कोपरखैरणे.
हात दुमडून उभी राहिले, पेन्सिलीने खूण केली.
दोन इंच खाली.
जुनी भोकं सिमेंटने बुजवली.
तिकीट त्याआधी परत आत ठेवलं.

हिरजीभाईंनी गट्ट्या मोजून दिल्या, ड्रिल भाड्याने,
आणि एक वाक्य फुकट:
टाईलवर ठोका नको, नुसतं फिरवा, टाईल संपली की मग मारा.
चिकटपट्टीची फुली लावली, तरी पहिल्यांदा घसरलंच.
पांढरी धूळ आली, राखाडी आली,
मग एकदम लाल.
लाल धुळीची मला सवय आहे.
डोळे मिटून फुंकर मारली.

गट्टी आत जाताना कुरकुरली,
बोल्ट फिरला तशी अंगाने फुगली,
मग बोल्ट फिरेना.
फिरेना म्हणजे धरलं.
नटाखाली प्लास्टिकचा वायसर, हाताने जाईल तेवढं आवळायचं,
मग पान्याने पाव फेरा.
अर्ध्या फेऱ्याने चिनीमाती तडकते, हे हिरजीभाई बोलले नव्हते.
पण ती आधी बारीकसं काहीतरी म्हणते. ऐकू आलं, थांबले.

रात्रभर सिलिकॉन वाळू दिलं, हात मोरीत धुतले.
सकाळी दोन्ही तळवे टेकले.
मग वजन टाकलं,
सगळं,
टाचा उचलल्या जाईपर्यंत.
भिंत काही बोलली नाही.

चार महिने उरलेत.
पुढे येणारा उंच असेल
तर वाकेल जरा.