दोनला निघणार

अकरा पस्तीसला बस सूरसागरापाशी थांबली.
करमरकरांनी शिट्टी फुंकली: दोनला निघणार,
उशीर करील त्याने दाहोदला येऊन भेटावं.

तळ्यातला महादेव खिडकीतूनच केला.
राजवाडा अर्धाच, कारण तिकिटाची रांग पूर्ण होती.
न्यायमंदिराचा फोटो आला,
पण त्यात वसुमतीबाईंची टोपीच जास्त आहे.

मांडवीजवळच्या बोळात संखेड्याच्या लाकडाचं दुकान.
बोटभर पाळणे, मूठभर खुर्च्या,
तपकिरी लाखेवर सोन्याच्या वेली.
'सोनुं नथी बेन, कथीर छे,' दुकानदार म्हणाला,
मग माझा नाकातला अनुस्वार ऐकून
मराठीवर आला:
'वरून लाख चढली, शेक लागला
की कथलालाच वाटतं, आपण सोनं.'

जगदाळे. पाच पिढ्या इथेच.
'तुम्ही?'
'चिपळूणचे.'
'तिकडे बस थांबते का? किती वेळ?'
मला सांगता येईना.
एकोणसाठ वर्षं राहिले, वेळ कधी लावला नव्हता.

बाहुलीची खुर्ची घेतली. साडेचारशे सांगितले,
तीनशेवर आले, आणि वीस परत घ्यायचे राहिले.
घरात बाहुली नाही. तिच्याएवढं कुणीच नाही.

दोन वाजून सहा मिनिटं. शिट्टी, डोकी मोजणं,
ह्यांचं 'हे कशाला आणि?'
चिवड्याच्या सात पिशव्यांत खुर्ची मावेना.
मग ठेवली खिडकीच्या कडेला,
तोंड बाहेर करून.
लहरीपुऱ्याचा दरवाजा जाताना
कुणीतरी नीट बसून बघावा.