भट्टी नंबर दोन

भोसरीत कोकची भट्टी थंड झाली
त्याला आता दीड वर्ष.
तिच्या जागी बटण, आणि विजेची गुणगुण.

इलाही शिकलगार भंगार निवडतो:
बिजागऱ्या, ट्रकचा मोडका पाटा,
आज एक सायकलची फ्रेम.
दांडीवर लहान सीटच्या क्लॅम्पचा चट्टा.
कुणी बसलं असेल तिथं
बापाच्या हनुवटीखाली, घंटी वाजवत
लकडी पुलावरून.
तो थांबतो.
मग टाकतो.
रंग जळून जातो,
गंज मळी होऊन वर येतो,
खालचं लोखंड नव्यासारखं पांढरंफेक.
नवा दगड खणायला नको.

घरी शमीम सदऱ्याची कॉलर उलटून बघते.
काळी नाही.
धाकटी विचारते, वीज कुठनं येते, अब्बा?
"चंद्रपूरहून,"
तो म्हणतो,
आणि धुतलेले हात
पुन्हा धुतो.