रकाना क्रमांक अकरा

पंचायत कचेरीत हीटर एकच,
तोही मृत्यूच्या दाखल्यांच्या कपाटाला ऊब देतो.
मी लिओनिल्दे. सचिव, झाडूवाली, टपालाची खिडकीही मीच.
गेले अकरा दिवस हा अर्ज भरते आहे:
'लहान वस्त्यांसाठी वणवा-जोखीम निवारण अनुदान.'
लहान म्हणजे किती, ते म्हटलेलं नाही.
आम्ही एकतीस. ईस्टरपर्यंत तीस होऊ,
दोना पाल्मिराच्या खोकल्यावरून वाटतं.
मी एकतीसच लिहिते.

निलगिरीच्या साली सुटून लोंबताहेत
शाळेमागे, दफनभूमीच्या कुंपणावर,
जिथे मका होता तिथे
आणि जिथे मका काढणारे राहत होते तिथेही.
जमिनींचे मालक ल्योंमध्ये टॅक्सी चालवतात,
लक्झेंबर्गला फरशा बसवतात,
आणि गट नंबर दोनशे चौदाचे अल्सिनु बेस्सा
वारले त्याला पन्नास वर्षं होतील.
उताऱ्यावर अजून तेच आहेत.
संमतीपत्रावर सही त्यांची हवी.
खोटं कशाला सांगू, जाऊन आले मी,
दगडावरचं शेवाळ नखाने खरवडून पाहिलं
नावात एक 'स' आहे की दोन.

जुव्हेनालच्या एकशे बारा शेळ्या
कोणत्याच तक्त्यात बसेनात.
शेवटी 'यंत्रसामग्री'त घातल्या.
इंधन कोणतं? काटेरी झुडपं.
वार्षिक घसारा किती टक्के?
जुव्हेनाल दारात उभा होता, टोपी हातात.
म्हणाला, लिही, शेळी घसरत नाही.

मागल्या दहा वर्षांत जळालेलं क्षेत्र: शून्य.
शून्याला शून्य गुण.
पलीकडच्या उतारावरचं गाव जळलं,
तर तिथे गाड्या आल्या, पाटी लागली, कौलं आली,
मुलांना झोपाळासुद्धा मिळाला (मुलं दोन).
आमच्याकडे त्या ऑक्टोबरात आग
धुण्याच्या टाकीपर्यंत आली
आणि वारा फिरला.
तेव्हा बंब तालुक्याच्या गावी होता, दुसऱ्याच आगीवर.
वारा फिरला म्हणून आम्ही आहोत.
पण वाऱ्याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो?

स्वहिस्सा पंधरा टक्के.
सांता यूफेमियाच्या जत्रेच्या समितीत रात्री दीडपर्यंत भांडण.
एडमुंडू म्हणाला, आतषबाजीशिवाय जत्रा म्हणजे तेरावं.
त्याची बायको म्हणाली, मग बस सरपणाच्या ढिगावर काडी घेऊन.
हात वर झाले: नऊ विरुद्ध सहा.
देवीचे फटाके अर्जाला जोडले,
परिशिष्ट चार.

उरला रकाना अकरा.
'अपेक्षित फलित, मोजता येईल असे, पाचशे अक्षरांत.'
मी लिहिलं: काहीही होणार नाही.
खोडलं.
लिहिलं: ऑगस्टातल्या एका दुपारी, चाळीस अंशांवर, पूर्वेचं वारं असताना
पाल्मिरा पायरीवर घेवडा सोलत बसलेली असेल.
चार वीसची बस येईल, कुणी उतरणार नाही.
कुत्रं कूस बदलेल.
वास येईल तो फक्त कुणाच्या तरी करपलेल्या कांद्याचा,
आणि कुणीही धावणार नाही.
हे मोजायचं कसं ते मला माहीत नाही.
पण असं एकेक मोजत गेलं तर
आम्ही इथे दुसरं काही करतच नाही.

खोडलं.
'जोखमीत अंदाजे साठ टक्के घट.'
साठ कुठून आले, विचारू नका. माझं वय आहे.

पाचला नऊ कमी असताना बटण दाबलं.
गोल फिरत राहिला, फिरत राहिला,
टेकडीवरून येणारं इंटरनेट, तेही म्हातारंच.
मग पोच आली:
निर्णय कामकाजाच्या एकशे वीस दिवसांत.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले.
ऑगस्टचा मध्य.

खाली, बारीक अक्षरांत:
मंजुरीपूर्वी सुरू केलेलं काम ग्राह्य धरलं जाणार नाही.

शाळेमागून घंटा वाजताहेत.
एकशे बारा तोंडं, कुंपणापासून वर वर सरकताहेत,
आणि टोपीवाला काठीला टेकून आभाळाकडे बघतो आहे,
जणू त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.
मी उठते,
पडदा ओढून घेते.
सरकारी कागदावर सही केलेल्या बाईने
सगळंच पाहिलं पाहिजे असं नाही.